मुंबईची पंगत आणि आपला मुलूख

शिवनेरीच्या डोंगरकड्यात जी बौद्ध लेणी खोदलेली आहेत, त्यांपैकी एका लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक लहानसा लेख आहे. स्वतःस 'गत' म्हणविणाऱ्या चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघास भोजनमंडप दान केला, एवढाच त्याचा आशय. त्याच डोंगरावर इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिल्याचाही लेख आहे. शिवछत्रपतींच्या जन्मस्थानी मस्तक ठेवण्यासाठी आपण सारे पिढ्यान्‌पिढ्या गड चढत आलो. परंतु वाटेवरच्या या दोन ओळींकडे आपल्यापैकी फार थोड्यांचे लक्ष गेले असेल. परदेशाहून आलेला मनुष्य आपल्या डोंगरात एक जेवणघर आणि एक पाणवठा मागे ठेवून जातो, ही गोष्ट सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. आपल्या मुलखाच्या अन्नाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो चुलीपासून आरंभ करून चालणार नाही. घाटापासून आरंभ केला पाहिजे.

तो घाट म्हणजे नाणेघाट. कल्याण बंदरात उतरलेला माल याच घाटाने वर चढून जुन्नरास येई व पुढे पैठणकडे जाई. सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख याच घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात आहे, आणि बाहेरचा तो प्रचंड दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी लोकांची समजूत आहे. पुढील काळातही जुन्नर हे परक्यांस परके वाटणारे गाव नव्हते. मलिक अहमदाने १४९० साली बहामनी सत्ता झुगारली तेव्हा अहमदनगर अद्याप वसलेले नव्हते. निजामशाहीचे पहिले ठाणे जुन्नर हेच होते. दक्षिणी, तुर्क, इराणी आणि हबशी असे नाना वंशांचे सरदार या शहरात राहून गेले. शहराच्या पूर्वेस असलेल्या हापूसबागेचे नाव आंब्यावरून पडले, असे कोणी म्हणतो; ते मूळचे 'हबशीबाग' होय, असे जाणते लोक मानतात. आणि १६७५ साली जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य मुंबईहून कल्याणमार्गे घाट चढून जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे आला, त्याने आपल्या प्रवासाची सविस्तर हकीकत लिहून ठेवली आहे. तेव्हा मुंबई हे इंग्रजांच्या हाती येऊन थोडीच वर्षे झालेले, दलदलीचे व रोगट बेट होते. जुन्नर हे शहर होते आणि मुंबई हे खेडे होते, ही गोष्ट आपल्या मुंबईकर बांधवांनी अधूनमधून आठवण्यासारखी आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मुंबईचेच अन्न हा आहे. या स्मरणिकेचे निम्मे वाचक मुंबईत पोट भरतात आणि उरलेले निम्मे मुंबईचे पोट भरतात, म्हणून तो विषय या पानांत अस्थानी ठरू नये.

मुंबईच्या ताटात काय काय आले आणि कोणी आणले, याची नुसती याद करावयाची म्हटली तरी पाने पुरणार नाहीत. मूळचे कोळी, त्यांचे बोंबील, जवळा आणि सुकट. भंडारी, माड उतरविणे आणि ताडी-माडी विकणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. पाठारे प्रभू, पाचकळशी, आगरी हीही बेटांवरची जुनी माणसे. १५३४ साली पोर्तुगीजांनी वसईच्या तहाने ही बेटे घेतली आणि त्यानंतर ख्रिस्ती झालेल्या मराठी कुटुंबांनी, ज्यांस पुढे 'ईस्ट इंडियन' हे नाव पडले, आपला मसाला मात्र मोडला नाही. उन्हाळ्यात कुटलेला तो मसाला बाटल्यांत भरून ठेवण्याच्या चालीवरून 'बाटली मसाला' म्हणूनच ओळखला जातो. १६६१ च्या विवाहकराराने बेटे इंग्रजांच्या राजाकडे गेली व १६६८ साली कंपनीकडे आली. कंपनीच्या गव्हर्नरांनी, विशेषतः जेराल्ड आँजिअर याने, निरनिराळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांस वस्तीसाठी बोलावून घेतले. पारशी आले, बनिये आले, बोहरी आले, आर्मेनियन आले. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांस आपण शनवार तेली म्हणून ओळखतो, येथे स्थिरावले आणि १७९६ साली त्यांनी आपले पहिले प्रार्थनामंदिर उभारले. त्यामागून बगदादी यहुदी, कच्छी, मेमण, खोजे, गोव्याचे किरिस्तांव. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. त्या काळी हिंदुस्थानात याहून अधिक सरमिसळ असे दुसरे शहर दाखविणे कठीण.

'सरमिसळ' हा शब्द येथे जपून घेतला पाहिजे. एका रस्त्यावर राहणे निराळे आणि एका पंगतीस बसणे निराळे. मर्यादी वैष्णव घराबाहेर शिजलेल्या अन्नास शिवत नसे. जैनास कांदा, लसूण व कंद वर्ज्य. आणि चातुर्मासात सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य. मुसलमानास हलाल मांसच हवे. यहुद्यास मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. बोहऱ्यांची चाल याहून वेगळी, सर्व कुटुंब एकाच मोठ्या थाळाभोवती बसून एकाच पात्रातून खाते. परंतु तो थाळ त्यांच्या घरापुरता. ब्राह्मणाचे सोवळे तर सर्वांस ठाऊकच आहे. आपणही त्यात मागे नव्हतो. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, याचा हिशेब आपल्या वाडवडिलांस शेतसाऱ्याच्या हिशेबाइतकाच पाठ असे. रेल्वे झाल्यावरही स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे दोन निरनिराळे माठ कित्येक दशके होते. आणि ज्यांस हिंदूंच्या माठालाही हात लावण्याची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी तिसरा माठ कोणी ठेवलेला नव्हता.

या बंधनांचा पहिला फास कोणत्या पदार्थाने सैल केला असेल, तर तो पावाने. पाव हा शब्द पोर्तुगीज, आणि पावाच्या भट्ट्या मुंबईत गोव्याकडील ख्रिस्ती लोकांनी चालविल्या. त्यामुळे पाव खाणे म्हणजे धर्म बुडविणे, ही समजूत रूढ होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर आदी मंडळींनी १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. ती गुप्त होती. तीत प्रवेश करणाऱ्याने ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, अशी कसोटी असे. आज चार आण्यांच्या वस्तूसाठी केवढी ही गुप्तता, असे वाटून हसू येईल. परंतु सभासदांच्या नावांची यादी १८६० च्या सुमारास चोरीस गेली तेव्हा सभा मोडली, यावरून त्या पावाच्या तुकड्याचे मोल त्या काळी काय होते ते कळते. जातिभेद वाईट आहे असे व्याख्यानात सांगणारे अनेक होते. बंद दाराआड एक तुकडा खाऊन बाहेर नाव फुटू नये म्हणून घाबरणारे मात्र आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतात, कारण भेद कोठे राहतो हे त्यांस नेमके समजले होते.

यानंतर तीस वर्षांनी पुण्यात चहाचे प्रकरण घडले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर आलेल्या मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही त्या मेळाव्यात होते. पुढे हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपुढे गेले, आणि एवढ्या थोर पुरुषांसही प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. ते प्रकरण पुण्याच्या ब्राह्मणवर्गाचे म्हणून आपण त्याकडे करमणूक म्हणून पाहतो. तसे पाहू नये. त्याच साली, म्हणजे १८९० साली, मुंबईत आपल्या मुलखातील माणसांनी एक धंदा मांडला, आणि त्या धंद्याचे मूळही याच स्पर्शास्पर्शात होते.

डबेवाल्यांची परंपरा आपला आरंभ १८९० पासून मोजते, आणि महादू हावजी बच्चे यांनी सुमारे शंभर माणसे जमवून हे काम उभे केले असे मानते. त्याआधी एका पारशी गृहस्थाने आपले दुपारचे जेवण घरून कचेरीत आणण्यासाठी एक मनुष्य ठेविला व त्यावरून ही कल्पना निघाली, अशीही हकीकत सांगतात. ती खरी असो वा नसो, कारण स्पष्ट आहे. कोटातील पेढ्या आणि कचेऱ्या यांत काम करणारा गुजराती, पारशी, ब्राह्मण, जैन, मुसलमान असा प्रत्येक जण निराळे खात होता, आणि दुसऱ्याच्या चुलीवरचे खाण्यास तयार नव्हता. घर गिरगावात वा दादरला, कचेरी किल्ल्यात. मध्ये कोणीतरी माणूस हवा होता. तो माणूस मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांतून आला.

या कामाची घडण आता जगास ठाऊक झाली आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन विद्यालयाने २०१० साली त्यावर अभ्यासप्रकरण सिद्ध केले. इंग्लंडचे राजपुत्र चार्ल्स यांनी २००३ साली चर्चगेट स्थानकाबाहेर डबेवाल्यांची भेट घेतली आणि २००५ च्या आपल्या विवाहास त्यांच्यापैकी दोघांस निमंत्रण धाडले. हे सारे भूषणावह खरे. तथापि परक्यांनी पाठ थोपटली म्हणजेच आपल्या कामाची किंमत आपणास कळावी, ही खोड चांगली नाही. प्रत्यक्ष काम असे चालते. सकाळी नऊच्या सुमारास घरोघर जाऊन डबे गोळा करावयाचे. जवळच्या स्थानकावर आणून उतरावयाच्या ठिकाणाप्रमाणे वेगळे करावयाचे. लांबट लाकडी पाटीत तीस-चाळीस डबे रचून ती डोईवर घेऊन गाडीच्या सामानाच्या डब्यात चढावयाचे. आणि साडेबाराच्या आत प्रत्येक डबा ज्याच्या त्याच्या मेजावर पोहोचवून दुपारनंतर रिकामे डबे त्याच वाटेने परत न्यावयाचे. एक डबा वाटेत तीन-चार हातांतून जातो. आरंभी खूण रंगीत दोऱ्यांची वा चिंध्यांची असे. पुढे झाकणावर रंगाने आकडे व अक्षरे घालण्याची पद्धत आली: डबा कोठून निघाला, कोठे उतरणार, कोणती इमारत, कितवा मजला. टोळीचा मुकादम टोळीतूनच झालेला असतो आणि उत्पन्नाची वाटणी टोळीत सारखी होते. १९५६ साली या मंडळींचा विश्वस्त निधी नोंदविला गेला.

आता जे लिहावयाचे आहे ते काहीसे अवघड आहे. डबा वाहणारे बहुतेक सारे आपल्याच ज्ञातीचे, मराठा शेतकरी कुटुंबांतले. हा योगायोग नव्हे. भाऊबंदांनी भाऊबंदास आणले, गावकऱ्याने गावकऱ्यास आणले, हे एक कारण झाले. मुंबईत कोणत्याही कष्टाच्या कामाची भरती अशीच होत असे. दुसरे कारण असे की, मर्यादी वैष्णवाचा किंवा ब्राह्मणाचा डबा ज्याच्या हाताने जावयाचा, तो हात त्यांस चालणारा असावा लागे. आपला हात चालत होता. आपल्याच गावाच्या शिवेवर राहणाऱ्या महार-मांग बांधवाचा चालत नव्हता. तोही त्याच दुष्काळांत गाव सोडून मुंबईस गेला, गोदीत व गिरणीत राबला. आणि गिरणीतसुद्धा साचेखात्यात, जेथे धोट्यात सूत ओढताना तोंडाने ओढावे लागे, तेथे त्यास प्रवेश मिळू नये म्हणून सवर्ण कामगार अडून बसत. आपण ज्याचा अभिमान बाळगतो त्या डब्याच्या इतिहासात हाही भाग आहे, आणि ज्ञातीच्या स्मरणिकेत तो लिहिला न गेल्यास दुसरे कोणी तो आपल्यासाठी लिहिणार आहे असे नाही. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा डबेवाला मुंबईच्या रस्त्यांवरून इतरांचे अन्न वाहण्याच्या कामात सदतीस वर्षांचा जुना झालेला होता.

डबा बंद असतो. त्यात तुरीची डाळ आहे की धानशाक, कढी आहे की खिमा, हे वाहणारास वासावरून समजे. सर्व धर्मांचे अन्न एकाच पाटीत, एकाच डोक्यावर, एकमेकांस खेटून जात होते आणि तरीही कोणाचे कोणास लागत नव्हते. मुंबईने शोधून काढलेली ही मोठी युक्ती होय. तीमुळे परस्परांचा विटाळ मानणारी माणसे एका कचेरीत शेजारी बसून काम करू शकली. तिने भेद मोडला नाही, त्यास रोज दुपारी घरपोच केले. हेही तितकेच खरे.

भेद मोडण्याचे काम दुसरीकडे चालले होते. इराणातील यझ्द आणि केरमान या प्रांतांतून आलेल्या जरथुष्ट्री मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईच्या नाक्यानाक्यावर चहाची दुकाने घातली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानीत व ती इराण्यास स्वस्तात मिळे, असे म्हणतात. १९०४ साली निघालेले क्यानी आणि १९२३ चे ब्रिटानिया ही त्यांतील नावाजलेली नावे. संगमरवरी मेज, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, पाण्याचा अंश कमी असलेला दाट चहा, ब्रून आणि मस्का. येथे जात विचारणारे कोणी नव्हते. विचारून धंदा चालला नसता. गिरणीचा मजूर, शाळेतील मास्तर आणि सटोडिया एका मेजाशी बसू लागले. परमहंस सभेने जे दार लावून केले ते इराण्याने रस्त्यावर उघड केले, आणि तेही कोणतीही प्रतिज्ञा न घेता. सुधारकांच्या चरित्रांची आपल्याकडे वाण नाही. या चहावाल्यांचे चरित्र मात्र मराठीत कोणी मन लावून लिहावे असे अजून आहे.

त्याच सुमारास दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० मध्ये निघाले. माटुंग्यास दक्षिणेकडील लोकांची वस्ती वाढली तशी इडली-डोसा आला. तेथील रामा नायकांचे उडुपी पद्धतीचे भोजनगृह १९४२ चे. फाळणीनंतर सिंधी कल्याणच्या छावणीत उतरले आणि पंजाबी शीव-कोळीवाड्यात. या पंजाब्यांनी बेसन व ओवा लावून तळलेल्या माशास 'कोळीवाडा' हे नाव पडले. ज्याने कोळीवाडा कधी पाहिला नाही असा मनुष्यही आज दिल्लीत तो पदार्थ त्याच नावाने मागतो. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकण्यास प्रारंभ केला. वडा आपला, पाव फिरंग्याचा, बटाटा दक्षिण अमेरिकेचा आणि त्याचे नावही पोर्तुगीज. तोच पदार्थ पुढे मराठीपणाची खूण म्हणून मिरविला गेला, याचे नवल कोणास वाटले नाही. ज्या पावाच्या तुकड्यासाठी दादोबांच्या मित्रांनी दारे लावून घेतली होती, तोच हा पाव.

यावरून आपल्याच ताटाकडे पाहू. मासवडी ही जुन्नर-आंबेगावची खूण होय, याबद्दल वाद नसावा. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापावयाचे, त्यावर सुके खोबरे, तीळ, खसखस, कांदा, लसूण, कोथिंबीर व तिखट यांचे सारण पसरून गुंडाळी करावयाची, आणि माशाच्या तुकड्यासारख्या वड्या कापून झणझणीत रश्शाबरोबर बाजरीच्या भाकरीशी खावयाच्या. समुद्रापासून घाटाने तोडलेल्या मुलखात माशाच्या नावाची ही शाकाहारी वडी कशी जन्मली, हे सांगणे कठीण. परंतु नाव तरी घाट चढून आले असावे. सुके खोबरे कोकणातूनच यावयाचे. मिरची पोर्तुगीजांनी अमेरिकेहून आणलेली. त्याआधी आपले पूर्वज मिऱ्याने तिखट करीत. बाजरी प्राचीन काळी आफ्रिकेतून आलेली. भुईमूगही अमेरिकेचा. आणि ज्या टोमॅटोने नारायणगावचे नाव साऱ्या हिंदुस्थानच्या बाजारांत नेले, तो तर आपल्या आज्या-पणज्यांस ठाऊकही नव्हता; कित्येक सोवळ्या घरांत तो लाल रंगामुळे मांसासमान म्हणून वर्ज्य असे. आज हंगामात नारायणगावच्या बाजारात क्रेटांच्या थप्प्या लागतात, परप्रांतांतील व्यापारी मुक्काम ठोकून असतात, आणि २०२३ च्या जुलैत टोमॅटोचा किरकोळ दर किलोस शंभर रुपयांवर गेला तेव्हा राजधानीतील मंत्र्यांनाही आपल्या तालुक्याची आठवण झाली. मीना आणि कुकडी यांवरील धरणांच्या पाण्याने ही किमया केली. परदेशी फळाने आपला शेतकरी उभा राहिला, हे लक्षात ठेवून मग 'अस्सल' या शब्दाचा उच्चार करावा.

द्राक्षांचीही तीच कथा. १९८० नंतरच्या दशकात नारायणगावाजवळ फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ द्राक्षमद्य होऊ लागले आणि 'ओमर खय्याम' या फारसी कवीच्या नावाने ते परदेशी गेले. मराठी माती, फ्रेंच कृती, इराणी नाव! पुढे तो उद्योग टिकला नाही. वारकऱ्यांच्या मुलखात मद्याचा कारखाना ही गोष्ट अनेकांस रुचली नव्हती, आम्हांसही नाही. परंतु ताडी उतरविणाऱ्या भंडाऱ्यास व मोहाची दारू गाळणाऱ्या आदिवासीस सरकारने १८९२ च्या मोहाविषयक कायद्यापासून १९४९ च्या दारूबंदीपर्यंत गुन्हेगार ठरविले आणि बाटलीस परदेशी चिठ्ठी लागली म्हणजे तीस उद्योग म्हटले, हा न्याय काही समजत नाही.

मुंबईस गेलेल्या आपल्या माणसांनी तेथे काय खाल्ले, हा प्रश्न इतिहासकारांनी क्वचितच विचारला आहे. घाटावरून आला म्हणून 'घाटी' म्हणवून घेणारा हा मजूर बायकामुले गावी ठेवून जाई. एका गावची दहा-वीस माणसे मिळून एक खोली भाड्याने घेत. पाळ्या संपतील तसे आळीपाळीने तीत निजत. जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. चाळीतीलच कोणी बाई, बहुधा विधवा किंवा आजारी नवऱ्याची बायको, दहापंधरा गड्यांचा स्वयंपाक आपल्या एका चुलीवर रांधीत असे. पगार झाल्यावर पैसे. संपात पैसे नसत, तरी भाकरी थांबत नसे, आणि ती बाई सावकाराच्या व्याजाखाली जाई. अशा बायकांचे संघटन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने केले व त्यांस बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या १८ जानेवारीस गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या संपात कामगारांचे काय झाले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे; ज्यांच्या उधारीवर संप चालला त्यांच्याविषयी त्या मानाने फारच थोडे. आपल्या ज्ञातीतील ज्या वृद्धांनी लालबाग-परळच्या खानावळीत उमेदीची वर्षे काढली, त्यांनी त्या अन्नपूर्णेची जात कोणती होती ते आठवून पाहावे. पुष्कळांस ती आठवणार नाही, कारण भुकेल्या गड्याने ती विचारलीच नव्हती. आणि सुटीत गावी आल्यावर त्याच गड्याने आपल्या लग्नाच्या मांडवात पंगती मात्र पूर्वीप्रमाणे वेगळ्या बसविल्या.

नारायणगावाने हा दुटप्पीपणा इतर गावांपेक्षा अधिक जवळून पाहिला आहे. हे तमाशाचे माहेरघर. यात्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या येथे लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी देण्यासाठी येतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांस राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. फडातील कलावंत बहुसंख्य मातंग, महार व कोल्हाटी समाजांतील. पाटलाने त्यांस बक्षिसाची नोट दिली, शिट्ट्या वाजविल्या, रात्रभर त्यांची कला मनःपूत पाहिली. आणि पहाटे त्यांची भाकरी गावाबाहेर राहुटीजवळच्या तीन दगडांवर भाजली गेली.

आपल्या डबेवाल्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि माळकऱ्यांच्या सप्ताहाचा शेवट काल्याने होतो. श्रीकृष्णाने गोपाळांच्या साऱ्या शिदोऱ्या एकत्र कालवून सर्वांस वाटल्या, त्याची ती आठवण. दही, लाह्या, पोहे, लोणचे. कोणी काय आणले हे त्यात ओळखता येत नाही, आणि काला एकमेकांच्या मुखी घालावयाचा असतो. आठवड्याचे सहा दिवस प्रत्येकाचा डबा वेगळा राखण्यात ज्याची हुशारी, त्याने सप्ताहाच्या शेवटी सर्व शिदोऱ्या एक करावयाच्या, असा हा त्याचा धर्म आहे. परंतु पंढरीच्या विठ्ठलाचे मंदिरही १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतरच हरिजनांस खुले झाले, आणि आपल्या गावांतील काल्याची वाटी महारवाड्यापर्यंत कधी गेली याच्या तारखा कोठे लिहिलेल्या नाहीत. ज्या गावात त्या ठाऊक असतील, त्या गावाने त्या या स्मरणिकेच्या पुढील अंकासाठी अवश्य पाठवाव्यात.

मुंबईत डब्याचे दिवस आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. साथीपूर्वी पाच हजारांच्या घरात माणसे आणि दोन लाखांच्या घरात डबे, असा आकडा सांगितला जाई. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली, लोकलगाड्या सामान्य जनतेस बंद झाल्या आणि एकशेतीस वर्षांत प्रथमच डबा महिनोगणती थांबला. अनेक जण गावी परतले ते पुन्हा गेले नाहीत. कोणी भाजीपाल्याकडे वळले, कोणी सुरक्षारक्षक झाले. दरम्यान घरून काम करण्याची चाल पडली आणि दुचाकीवरून कोणाचेही अन्न कोणासही पोहोचविणारी तरुण मुले रस्त्यांवर आली. त्यांच्या पाठीवरच्या पेटीत कोणत्या जातीच्या हातचे अन्न आहे हे कोणी विचारीत नाही. त्या मुलाचे नाव मात्र भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसते, आणि ते पाहून त्याच्या हातचे अन्न नाकारल्याच्या घटना वर्तमानपत्रांत आलेल्या आहेत.

जे डबेवाले उरले आहेत, ते अजूनही चैत्रात कुलदैवतांच्या यात्रांसाठी पाच-सहा दिवस एकदम सुटी घेऊन गावी येतात. तशी सूचना आधी मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापून येते. त्या दिवसांत आळेफाटा, नारायणगाव, मंचर येथील स्थानकांवर पांढऱ्या टोप्यांची गर्दी असते, गावोगाव भंडाऱ्याच्या कढया चढतात, आणि वर्षभर दुसऱ्याचे जेवण वेळेवर पोहोचविणारा माणूस मांडवात स्वतः बसून, कोणीतरी वाढण्याची वाट पाहत असतो.